२१४ असलेले वडील घरी, १६८ असलेल्या वहिनी आयसीयूत: कॅज्युअल्टीत हा निर्णय कसा होतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या ६२ वर्षांच्या वडिलांची दाढ काढायची होती. दंतवैद्यांनी आधी रक्तदाब पाहिला, तो २१४/११६ भरला आणि त्यांनी दाढेला हात न लावता वडिलांना रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पाठवले. तेथे ईसीजी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी झाली, एक गोळी दिली गेली आणि तीन-साडेतीन तासांनी, रक्तदाब १७८/१०० असताना, त्यांना घरी सोडण्यात आले. याच रुग्णालयाने काही महिन्यांपूर्वी आपल्या वहिनींना, बाळंतपणानंतर सहाव्या दिवशी, १६८/११२ एवढ्याच आकड्यावर आयसीयूत दाखल करून घेतले होते. ज्यांचा आकडा जास्त ते घरी आणि जिचा कमी ती आयसीयूत, हा हलगर्जीपणा तर नव्हे ना, असे आपण विचारले आहे.

आपण कळवलेल्या माहितीवरून माझे मत असे की दोन्ही निर्णय बरोबर होते. वडिलांच्या बाबतीत एक-दोन गोष्टी राहून गेल्या असाव्यात, परंतु त्या दाखल न करण्याच्या नाहीत. त्यांच्याकडे मी शेवटी येतो.

रक्तदाब १८०/१२० च्या वर गेला की तो धोक्याच्या पातळीवर आहे असे आम्ही मानतो. मात्र त्या क्षणी रुग्णाच्या शिरेतून औषध द्यायचे की त्याला बाकावर शांत बसवायचे, हे या आकड्यावरून ठरत नाही. ते ठरते ते वाढलेल्या दाबामुळे आत्ता, या घडीला मेंदू, हृदय, महाधमनी, मूत्रपिंड किंवा डोळ्याचा पडदा यांपैकी कशाला नवी इजा होत आहे का, यावरून. इजा होत असेल तर १७० सुद्धा जीवघेणा असू शकतो, आणि होत नसेल तर २१४ असलेला माणूस पुढची तीस वर्षे नीट जगू शकतो, अर्थात त्यानंतर नियमित औषधे घेतली तर. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे दाब किती वेगाने चढला. ज्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे, बहुधा त्यांच्या नकळत, १७०-१८० च्या घरात राहिलेला असतो त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होऊन त्या दाबाला सरावलेल्या असतात. याउलट, महिन्यापूर्वी ज्या तरुणीचा रक्तदाब १००/६० होता किंवा मूत्रपिंडाला अचानक सूज आलेल्या ज्या आठ वर्षांच्या मुलाचा रक्तदाब गेल्या आठवड्यापर्यंत अगदी साधा होता, त्यांना १५०-१६० वरही आकडीचे झटके येऊ शकतात.

‘इतका वाढलेला दाब लगेच खाली का आणला नाही,’ हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात, आणि त्याचे उत्तर मेंदूच्या रक्तपुरवठ्यात आहे. निरोगी माणसात सरासरी रक्तदाब (खालचा आकडा अधिक दोन आकड्यांतील फरकाचा एक तृतीयांश) साधारण ६० ते १५० च्या दरम्यान कोठेही असला तरी मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण करून रक्ताचा प्रवाह जवळजवळ सारखा ठेवतात. जुन्या रक्तदाबाच्या रुग्णात ही संपूर्ण पट्टी वर सरकलेली असते, म्हणजे वरचा दाब तो अधिक सोसतो, पण खालचा दाब, जो तुम्हा-आम्हाला साधा वाटतो, तो त्याला सोसत नाही. आपल्या वडिलांचेच उदाहरण घेऊ. २१४/११६ म्हणजे सरासरी दाब सुमारे १४९. तो १२०/८० वर आणायचा म्हणजे ९३ वर आणायचा, म्हणजेच ३७ टक्क्यांहून अधिक घट. प्रत्यक्ष इजा होत असलेल्या रुग्णातसुद्धा पहिल्या तासात सरासरी दाब २५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरवू नये, पुढच्या दोन ते सहा तासांत तो १६०/१०० च्या आसपास आणावा आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत हळूहळू साधारण पातळीकडे न्यावा, असा सर्वमान्य दंडक आहे. ज्याला काहीच इजा होत नाही त्याचा दाब तासाभरात ३७ टक्क्यांनी उतरवणे म्हणजे नसलेला पक्षाघात स्वतःच्या हाताने ओढवून घेणे.

ही भीती पुस्तकी नाही. निफेडिपिन या रक्तदाब उतरवणाऱ्या औषधाची कॅप्सूल फोडून थेंब जिभेखाली सोडण्याची पद्धत एके काळी जगभर होती आणि आपल्याकडे ती फार काळ टिकली. दहा-पंधरा मिनिटांत आकडा घसरायचा, नातेवाईक समाधानाने घरी जायचे. परंतु ही घसरण किती होईल यावर कोणाचाच ताबा नसतो, आणि तिच्यामुळे पक्षाघात, हृदयविकाराचा झटका व मृत्यू ओढवल्याच्या नोंदी साचत गेल्या. अखेर १९९६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात, ही पद्धत बंद करावी असे ठामपणे मांडणारा लेख प्रसिद्ध झाला. आजही कोणी ‘जिभेखालची गोळी देतो, पाच मिनिटांत उतरेल’ असे म्हणाले तर नम्रपणे नकार द्यावा. काहीही लक्षण नसताना दिलेल्या लॅसिक्सच्या, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या, इंजेक्शनबद्दलही माझे मत फारसे वेगळे नाही. फार वाढलेल्या दाबामुळे मूत्रपिंडे आधीच जास्त मीठ-पाणी बाहेर टाकत असतात, त्यामुळे असे अनेक रुग्ण मुळात कोरडे पडलेले असतात. फुप्फुसांत पाणी भरलेले नसेल तर त्यांना आणखी कोरडे करून काही साधत नाही.

मग कॅज्युअल्टीत करायचे काय? सर्वप्रथम रक्तदाब पुन्हा, नीट मोजायचा. हे वाक्य क्षुल्लक वाटते, पण अर्धे काम येथेच होते. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा फुगतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो अशा व्यक्तींना नेहमीचा पट्टा बांधला असता वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला होता. बोलत असताना, लघवी तुंबलेली असताना, पाय लोंबकळत असताना किंवा हात हवेत अधांतरी असताना घेतलेले आकडेही असेच वाढीव असतात. आपल्या वडिलांना दाढेचे दुखणे होते, त्यात ती काढण्याची धास्ती, त्यात अचानक रुग्णालयाची धावपळ. या तिन्ही गोष्टींनी रक्तदाब चढतो. अशा रुग्णांना अर्धा तास शांत खोलीत नुसते बसवले तर त्यांच्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश जणांचा दाब कोणत्याही औषधाविना पुरेसा उतरतो, असे अभ्यासात आढळले आहे. त्यामुळे डॉक्टर ‘काहीच करत नव्हते’ असे आपल्याला जेव्हा वाटले, तेव्हा कदाचित उपचारच चालू होते.

याच वेळात इजेची चिन्हे शोधली जातात. छातीत दुखते का, झोपल्यावर दम लागतो का, दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीत फाडल्यासारखी कळ आली का, बोलणे अडखळते का, हातापायातली शक्ती गेली का, दिसणे अंधुक झाले का, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो का, लघवी कमी किंवा लालसर होते का, हे विचारावे लागते. महाधमनी फाटत असल्याची शंका असल्यास दोन्ही दंडांचा दाब वेगवेगळा पाहावा लागतो. नुसती डोकेदुखी किंवा नाकातून आलेले थोडे रक्त ही मात्र अवयवाच्या इजेची खूण नव्हे. लोक समजतात तसे रक्तदाबाने ‘नाक फुटत’ नाही, पुष्कळदा नाकातले रक्त पाहून घाबरल्यामुळेच दाब चढलेला असतो. ज्यांना कोणतेही लक्षण नाही अशा प्रत्येकाच्या सगळ्या तपासण्या केल्याच पाहिजेत असेही नाही. ज्यांचा पुढचा पाठपुरावा अनिश्चित आहे त्यांचे क्रिएटिनिन पाहून घेणे शहाणपणाचे, आणि ते आपल्या रुग्णालयाने पाहिलेले दिसते.

एक तपासणी मात्र आपल्या पत्रात दिसत नाही, ती म्हणजे डोळ्याच्या पडद्याची. १९३९ साली अमेरिकेतील कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी रक्तदाबाच्या रुग्णांचे पडद्यावरील बदलांनुसार चार गट पाडले. डोळ्याच्या मज्जातंतूच्या टोकाला सूज असलेल्या चौथ्या गटातील ७९ टक्के रुग्ण वर्षभरात दगावले होते. त्या काळी परिणामकारक औषधेच नव्हती, आणि रक्तदाबाची आजही मनात असलेली दहशत बरीचशी त्या काळातून आली आहे. आज तशाच रुग्णाला औषधांनी वाचवता येते, पण त्यासाठी तो ओळखता आला पाहिजे. माणूस चालत-बोलत असतो, थोडे अंधुक दिसते एवढेच सांगतो, आणि आत पडद्यावर रक्तस्राव झालेले असतात. आपल्याकडच्या गर्दीच्या कॅज्युअल्टीत ऑप्थॅल्मोस्कोप, म्हणजे पडदा पाहण्याचे उपकरण, ड्रॉवरमध्येच राहतो, ही माझी जुनी तक्रार आहे. वडिलांना दिसण्याचा काही त्रास नसला तरी या आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्यावा.

लक्षणे नसलेल्या अशा रुग्णांना दाखल करून काही लाभ होतो का, याचा मोठा अभ्यास अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या बाह्यरुग्ण विभागांत झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे रक्तदाब १८०/११० किंवा अधिक असलेल्या ५८,५३५ व्यक्तींपैकी केवळ ४२६ जणांना रुग्णालयात पाठवले गेले होते. त्यांची तुलना घरी पाठवलेल्या तशाच रुग्णांशी केली असता हृदयविकार किंवा पक्षाघात यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही, आणि एकंदरीत आठवड्याभरात अशी घटना हजारात सुमारे एकाच्या बाबतीत घडली. परंतु याच अभ्यासातला दुसरा आकडा मला अधिक अस्वस्थ करतो: सहा महिन्यांनंतरही दोन्ही गटांतील जवळजवळ दोन तृतीयांश रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात नव्हता. त्या रात्रीचा धोका आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी असतो आणि पुढच्या काही वर्षांचा धोका पुष्कळ जास्त.

आता खऱ्या आणीबाणीकडे वळू, कारण तेथेही प्रत्येक अवयवाचा नियम वेगळा आहे. सर्वांत जास्त वाद पक्षाघाताच्या रुग्णाच्या खाटेशी होतात. ‘बीपी २०० आहे आणि तुम्ही नुसते पाहत काय बसलात?’ हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे. रक्ताच्या गाठीमुळे मेंदूची रक्तवाहिनी बंद झाली असेल तर तिच्या भोवतालचा अर्धमेला भाग आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून, वाढलेल्या दाबाच्याच जोरावर, कसाबसा रक्त मिळवत असतो. दाब उतरवला की तो भागही जातो. म्हणून गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन द्यायचे नसेल आणि दुसरे काही निकडीचे कारण नसेल तर २२०/१२० पर्यंतचा दाब पहिल्या दिवशी तसाच राहू दिला जातो. ते इंजेक्शन द्यायचे असेल तर मात्र दाब आधी १८५/११० च्या खाली आणावा लागतो आणि पुढचे २४ तास १८०/१०५ च्या आत ठेवावा लागतो, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. आणि मुळात रक्तस्रावच झालेला असेल तर उलट घाई करून वरचा आकडा १४० च्या आसपास आणणे हिताचे असते. बाहेरून तिन्ही रुग्ण सारखेच दिसतात: वाकडे तोंड, लुळा हात. सीटी स्कॅनशिवाय ते वेगळे करता येत नाहीत, म्हणून स्कॅनच्या आधी वाटेतल्या दवाखान्यात दिलेली रक्तदाबाची गोळी मला नेहमी चिंतेत टाकते.

महाधमनीची भिंत आतून फाटत असेल तर नियम सर्वांत कडक असतो: शक्य तितक्या लवकर वरचा आकडा १२० च्या खाली आणि नाडी ६० च्या खाली. त्यातही आधी नाडी मंद करणारे औषध आणि मग रक्तवाहिन्या सैल करणारे, हा क्रम उलटला तर हृदय अधिक जोराने धडधडून फाट वाढते. फुप्फुसांत पाणी भरून बसल्या जागी धापा टाकणाऱ्या रुग्णाला नायट्रोग्लिसरिनची ड्रिप, घट्ट बसणाऱ्या मास्कमधून दाबाने ऑक्सिजन आणि येथे मात्र लॅसिक्स, यांनी तासाभरात आराम पडलेला दिसतो. या सर्व रुग्णांना आयसीयू लागते, कारण त्यांची औषधे सिरिंज पंपातून, दर काही मिनिटांनी दाब पाहत, मिलीलीटरच्या अंशांनी कमी-जास्त करावी लागतात. वडिलांना दिलेल्या गोळीला तशा पहाऱ्याची गरज नव्हती.

महाराष्ट्रातल्या डॉक्टराला या यादीत आणखी एक नाव घालावे लागते, जे परदेशी पुस्तकांत सहसा तळटीपेत असते: लाल विंचू. कोकणात विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब एकदम चढतो आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी होते. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात तोंडाने देण्याचे प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध या अवस्थेत कसे वाचवते हे दाखवून दिले, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत प्राझोसिनच्या जोडीला विंचूप्रतिविष दिलेले रुग्ण अधिक लवकर बरे झाले. रक्तदाबाचे कोणते औषध निवडायचे हे दाब कशामुळे चढला त्यावर अवलंबून असते, हे यातून स्पष्ट होते.

आपल्या वहिनींचा प्रसंग हा असाच वेगळ्या नियमाचा आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाबाची धोक्याची रेषा १८०/१२० वर नसून १६०/११० वर असते, आणि त्यावर गेलेला दाब पंधरा मिनिटांनंतरही टिकून असेल तर तासाभराच्या आत उपचार सुरू व्हावे लागतात. बाळ बाहेर आले म्हणजे धोका टळला, ही घराघरातली समजूत चुकीची आहे, कारण बाळंतिणीचा रक्तदाब बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे नेमका ती घरी गेल्यावर, सर्वांत वर जातो. अशा वेळी डोके दुखणे, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली उजव्या बाजूला दुखणे यांकडे ‘जागरणामुळे होत असेल’ म्हणून दुर्लक्ष होते. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट दिले जाते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या मॅगपाय चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक कमी झाला होता. परंतु ते देताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाची गती आणि लघवीचे प्रमाण यांवर तासातासाला लक्ष ठेवावे लागते, म्हणून आयसीयू.

रक्तदाब उतरवण्यासाठी मात्र बाळंतिणींनाही दर वेळी शिरेतूनच औषध लागते असे नाही. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत ८९४ गरोदर स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात गिळायच्या निफेडिपिनने ८४ टक्के, लॅबेटॅलॉलच्या गोळ्यांनी ७७ टक्के आणि मिथिलडोपाने ७६ टक्के स्त्रियांचा दाब सहा तासांत, कोणताही वाईट परिणाम न होता, हव्या त्या पातळीवर आला. जेथे सिरिंज पंप नाही अशा ग्रामीण रुग्णालयासाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. निफेडिपिन येथे चालते आणि वडिलांना जिभेखाली चालत नाही, यात विसंगती नाही: औषध तेच असले तरी देण्याची वाट आणि रुग्ण वेगळे आहेत. वहिनींना पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत हा इतिहास सांगावा, म्हणजे बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करता येईल. गर्भारपण नसतानाही त्यांनी वर्षातून एकदा रक्तदाब तपासून घ्यावा.

आता वडिलांविषयी. त्यांना सोडताना रोजची कोणती गोळी लिहून दिली आणि पुन्हा कोणत्या तारखेला बोलावले, याचा उल्लेख आपण केलेला नाही. या दोन गोष्टी डिस्चार्ज कार्डावर नसतील, तर माझ्या दृष्टीने रुग्णालयाची उणीव तेथे आहे. एका गोळीने उतरलेला दाब दुसऱ्या दिवशी पुन्हा चढणारच. कॅज्युअल्टीतल्या एका आकड्यावरून तीन-तीन औषधे सुरू करून वृद्ध माणसाला पुढच्या आठवड्यात चक्कर येऊन पडायला लावणेही तितकेच चूक आहे. म्हणून चार-पाच दिवसांत, जास्तीत जास्त आठवड्यात, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावे. जवळ कोणी नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रम आपल्या राज्यात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांपासून सुरू झाला, आणि ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारख्या साध्या गोळ्या तीस दिवस पुरतील एवढ्या मोफत देणे हा त्याचा गाभा आहे.

त्या भेटीत वडिलांनी दाढेसाठी कोणत्या वेदनाशामक गोळ्या किती दिवस घेतल्या हे अवश्य सांगावे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एटोरिकॉक्सिब यांनी रक्तदाब चढतो आणि आधीच्या औषधांचा परिणामही कमी होतो. सर्दीच्या गोळ्या, सांधेदुखीवर मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्या, ज्यांत स्टिरॉइड असू शकते, आणि नियमित घेतला जाणारा ज्येष्ठमधाचा काढा, हेही विचारात घ्यावे लागतात. आधीपासून गोळ्या चालू असतील तर उपास, लग्न किंवा गावी जाणे यांत त्या सुटल्या होत्या का, हे प्रामाणिकपणे सांगावे. विशेषतः क्लोनिडीन हे रक्तदाबाचे औषध अचानक बंद केल्यास रक्तदाब उसळून येतो, आणि डायलिसिसच्या रुग्णांत हे वरचेवर दिसते. दाढेचे काम १८०/११० च्या खाली दाब स्थिरावला की दंतवैद्यांना करता येईल, आणि तोपर्यंत दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बरे.

घरी दंडाला पट्टा बांधायचे यंत्र आणावे, मनगटाचे नको. सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि रात्री, पाच मिनिटे बसून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहावे. दिवसभर दहा-बारा वेळा मोजू नये, कारण त्या काळजीनेच आकडा वाढतो. यंत्रावर पुन्हा १९० दिसले आणि वडिलांना काहीही होत नसेल तर अर्ध्या तासाने परत मोजावे, चुकलेली गोळी असेल तर द्यावी आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवावे. परंतु छातीत दुखणे, बसून राहावे लागेल असा दम, पाठीत फाडल्यासारखी कळ, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका बाजूची शक्ती जाणे, अचानक अंधुक दिसणे, गोंधळणे किंवा झटका यांपैकी काहीही झाले तर यंत्र शोधत बसू नये, आकडा १५० असला तरी १०८ वर फोन करावा आणि ज्या रुग्णालयात सीटी स्कॅन आहे तेथेच थेट न्यावे.